कपावरचा कढीपत्ता

१३ नोव्हें. २००७, मंगळ. वाल्डॉर्फ, जर्मनी
ऑफिसातून थेट मातीकामाचा क्लास. कंबरेचे तीनतेरा, पण हा एक मंगळवार सोडवत नाही. आमची शिक्षिका मिचिको-सान आज जपानहून, तिच्या गावाकडचे कप घेऊन आली. प्रत्येकावर एकच काहीतरी. गवताची काडी, नेच्याचं पान. बाकी कप मोकळा. ओल्या मातीत खरं पान दाबायचं, तसंच भट्टीत जाऊ द्यायचं. पान जळतं, शिरा राहतात. म्हणाली, दुकानातलं फूल नको, रोज ज्याच्याकडे बघता ते आणा.
कढीपत्ता. आणखी काय!

१८, रवि.
कुंडीत एकच डहाळी उरलीय. अकरा पानं. आईच्या अंगणातल्या झाडाचं बी रुजवलेलं. आई गेली, घर विकलं, नव्या मालकाने झाड तोडलं. आता काय ते एवढंच. हायत्सुंगच्या, म्हणजे हीटरच्या, धगीने वाळतं, खिडकीपाशी गारठतं. माझंही तेच म्हणा. मंगळपर्यंत टिक गं बाई.

२०, मंगळ.
सकाळी कात्री घेऊन गेले, तर कुंडीत नुसता खुंट. सासूबाई (तीन महिन्यांसाठी आल्यात) ओट्याशी, खुशीत. "अगं, रात्री न जेवताच झोपलीस. म्हटलं डब्याला तुझ्या आवडीची आमटी करावी. कढीपत्ता तेवढाच होता बाई."
ओरडले. "आईचं होतं ते!"
"मला कसं कळणार? तू कधी बोलली नाहीस."
नव्हतेच बोलले. डबा घेतला आणि निघाले. बसमध्ये रडू आलं.
दुपारी डबा उघडला. आमटीतला कढीपत्ता जन्मभर ताटाच्या कडेला काढत आले, आई चिडायची. आजही काढला. नऊ पानं. दोन सापडली नाहीत. धुतली, टिपली, रुमालात घालून क्लासला नेली.
मिचिको-सानने वास घेतला. "तेल?" हो, तेल. फोडणी जर्मनमध्ये कशी सांगणार? म्हणाली, तेलकट पान नीट उमटायचं नाही. तरी दाब.
दाबलं. एकच. बाकीच्यांचा लगदा झाला होता.

२७, मंगळ.
भट्टी भरलेली, कप पुढच्या खेपेला. घरी आल्या आल्या सासूबाई: "झाला का गं कप?" त्या दिवसापासून आम्ही जपून बोलतोय. दमायला होतं त्यानेही.

२ डिसें., रवि.
उशिरा उठले. सासूबाई कुंडीपाशी वाकून खुंटाला आंबट ताक घालत होत्या. मला बघून दचकल्या. "कढीपत्त्याला ताक लागतं गं. तुझी आई घालत नव्हती?"
घालायची. दर रविवारी. मीच विसरले होते.
"अहो आई, थोडं उरलं असेल तर द्या, मी घालते."
कप परवा. खुंट तपकिरीच दिसतोय. नखाने साल खरवडली की कळेल, आत हिरवं आहे का. दोघी बराच वेळ बघत उभ्या राहिलो. खरवडलं कोणीच नाही.