नकाशावरचा आपला डोंगर

आई, आधी आशीर्वाद दे, मग पुढे वाच.

मी बरी आहे. जर्मनीत थंडी फार, पण खोली उबदार आहे. लाल गाय व्याली का? तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या बॅटरीच्या कारखान्यात युरोपाबाहेरून येणारं लिथियम अडकलं, म्हणून काम बंद होतं. काल साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "घाबरू नका, आता लिथियम युरोपातच खणून काढणार," म्हणाले आणि पोर्तुगालच्या नकाशावर बोट ठेवलं. नेमकं आपल्या डोंगरावर! "इथे कोणी राहत नाही, नुसतं रान आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. "साहेब, तिथे माझी आई राहते."

 शेजारची दनूता पुटपुटली, "अगं बाई, मग आपल्या नोकरीचं काय?" पदरी लेकरं आहेत तिच्या. तिला काय सांगू?

साहेब वाईट नाहीत. नंतर हळूच विचारलं, "आई जमीन देईल?"

"जीव गेला तरी नाही."

"आणि तू?"

मी कोट उचलला आणि बाहेर पडले.

तू बायकांबरोबर खणायच्या यंत्रापुढे जाऊन बसतेस म्हणे. अंगावर शाल घेत जा. जमीन देऊ नकोस. की दे? छे, मला विचारूच नकोस.

अडकलेला थोडा माल सुटला, म्हणून सोमवारी कारखाना सुरू होतोय, मी कामावर जाणार. नाताळात घरी येईन, तुझ्याशेजारी यंत्रापुढे बसेन, आणि सुट्टी संपली की इथे परत बॅटऱ्या जोडायला येईन. वेडी म्हणशील. म्हण, पण दार उघड.

तुझीच,
ग्रासिएत