दोघींचे मिळून सात जीव

१७ जानेवारी २००६

हद्द झाली! आज पाव्हणे मला पाहायला आले आणि घरच्यांनी दाखवली आचल!

मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी चामोर्शीला कॉम्प्युटर क्लासमध्ये. आचलला सर्दी म्हणून ती घरी. नदीपलीकडच्या सावली गावचे लोक जीप करून दुपारीच टपकले. बाबा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष ना, म्हणून त्यांना लटारूभाऊची, म्हणजे बाबांचीच पोरगी पाहिजे. आई म्हणे, "दारात पाव्हणे आन् पोट्टी नाई, तोंड कुठी लपवू?" मग कमळाकाकूनं आचलला साडी गुंडाळली आणि पोह्यांचं ताट हातात दिलं. आमच्याकडे ताट आणेल तीच दाखवलेली पोरगी. कोणाची मुलगी हे कोणी बोललंच नाही. पाव्हण्यांनी ओटी भरली आणि गेले.

माझी सुटका झाली, ते बरंच. पण आचल? चुलत बहीण झाली म्हणून काय झालं, ती काय उसनी द्यायची वस्तू आहे? कोणी विचारलं तिला?

२० जानेवारी

सावलीचा निरोप आला. पोरगी पसंत! काकू आळीभर साखर वाटून आली. काका गेल्यापासून तिला आचलच्या लग्नाची घाईच झाली आहे.

आचल वांगे चिरत बसली होती. मी म्हटलं, "नाई म्हण ना वं!" तर नुसती हसली. असा राग आला की वांग्याची टोपली लाथाडावी!

२६ जानेवारी

झेंडा झाल्यावर सुरेंद्र सरांनी सांगितलं – १२ मार्चला गडचिरोलीत सगळ्या क्लासची गेमची स्पर्धा. जोडीनं खेळायचं. मी तिथंच आम्हा दोघींची नावं दिली.

गेम म्हणजे आमचाच तो, विमानांचा. मासिकासोबतच्या सीडीवर फुकट आला होता. जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं. काळं आकाश डावीकडे सरकत राहतं आणि समोरून राक्षसाच्या तोंडाची विमानं येतात. कीबोर्ड एकच. आचल बाणांवर, मी अक्षरांवर, कोपराला कोपर लागतं. जीव सात, तेही दोघींचे मिळून. एकीनं मूर्खपणा केला की दुसरीचाही जीव जातो.

क्लासमधले पोट्टे आपापलं विमान घेऊन सैरावैरा पळतात. आम्ही नाही. आम्ही तलावात जाळं ओढतो तसं खेळतो. एक वर, एक खाली, दोघी एकाच चालीनं पुढे. मधून काही सुटत नाही. सर म्हणाले, "तुमच्यासारखी जोडी अख्ख्या जिल्ह्यात नाई." अख्ख्या जिल्ह्यात!

हे एक तरी आमचं दोघींचं आहे. बाकी सगळं कोणाचं तरी ठरवलेलं.

२ फेब्रुवारी

काकूनं आचलचा क्लास बंद केला! "ठरलेल्या पोट्टीनं येस्टीनं हिंडाचं नाई. सावलीवाले काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "काकू, स्पर्धा आहे."

"स्पर्धा करून पोट भरते काय वं?"

आचल तिथंच होती. तोंडात मूग! माझ्यासाठी एक शब्द नाही. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. पाहू कोणाला जड जाते ते.

६ फेब्रुवारी

सरांनी मला मिथुनसोबत बसवलं. मिथुन म्हणजे मुख्याध्यापकाचा पोरगा, अंगाला सेंट मारून येतो. कोणतीही भेट खाली पडली की आधी तोच झडप घालतो – मोठी बंदूक त्याला, ढाल त्याला! सातातले पाच जीव त्यानं एकट्यानं खाल्ले आणि वरून मलाच म्हणतो, "तू मधात काऊन येतं?"

मी मधात येते!! मी माझ्याच जागेवर होती रे बैला!

७ फेब्रुवारी

मिथुन गाढव आहे.

१५ फेब्रुवारी

साक्षगंधाची तारीख निघाली. कोणती? १२ मार्च!!

अख्ख्या पंचांगात यांना हाच दिवस सापडला. मी आईला म्हटलं, पुढे ढकला. आई म्हणे, "खेळासाठी साक्षगंध ढकलतेत काय? डोकं फिरलं काय तुहं?" हाव, फिरलं! आणि आचल त्या काकूच्या बाजूला बसून साडीचे रंग पाहून राह्यली होती. गुलाबी का मोतिया. जीव जाळला तिनं माझा.

लबाडीचं साक्षगंध आहे हे. सावलीवाल्यांना अजून वाटते, ती बाबांचीच पोरगी. काकू म्हणते, "साक्षगंधाच्या आधी सांगू ना हळूच. घरातलीच तं आहे."

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

करून टाकलं.

मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो सगळे. वैनगंगेवर मुंगीला जागा नाही. आंघोळी झाल्या, आई-काकू दर्शनाच्या रांगेत लागल्या, आचल त्यांच्यासोबत. आणि मला बांगड्यांच्या दुकानापाशी मुलाची आई दिसली. रुखमाबाई. तारीख काढायला मायलेक घरी आले, तेव्हा मी दाराआडून पाहिले होते. मागे तो प्रफुल, नवरदेव, हातात ऊस. मी सरळ पुढे गेली आणि म्हटलं –

"बाई, तुमी पाहाले आले ते मले. लटारूभाऊची पोट्टी मी आहो. ताट घेऊन आली ते माह्या मेलेल्या काकाची. तुमाले दुसरीच दाखवली."

रुखमाबाईनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "आमाले फसवलं?"

"मी जे खरं ते सांगतलं."

प्रफुल माकडासारखा माझ्या खांद्यावरून रांगेकडे पाहत होता. असा नवरा! ऊस खाणारा! बरं झालं, सुटली आचल याच्यापासून.

२८ फेब्रुवारी

मोडलं. किराणा दुकानातल्या फोनवर निरोप आला. "अध्यक्षाच्या पोरीची गोष्ट होती, असं फसवाचं नाई."

काकू चुलीपाशी बसून रडली. कोण्या मेल्यानं सांगितलं, त्याच्या जिभेला किडे पडो, म्हणे. बाबा जेवले नाहीत. मी जेवली. पोटभर जेवली! खोट्यावर उभं केलं होतं, पडणारच होतं. मला कायले वाईट वाटावं?

आचल कोठ्यात गेली होती, बैलांना चारा घालायला. बराच वेळ आली नाही.

३ मार्च

आचल क्लासला आली! आता काकू अडवते कशाला? मिथुनला मी हातानं उठवलं खुर्चीवरून.

मध्येच दोनदा लाइन गेली, तरी आज आम्ही शेवटच्या राक्षसापर्यंत पोचलो. ती बोलत नाही जास्त. पण बोटं! बोटं काय चालतात तिची! मी अबोला सोडला. ती म्हणाली, "तू कधी धरला होता?" मला हसू आलं, तिला नाही.

१२ मार्च

जिंकलो!!!

चौदा जोड्या. गडचिरोलीचे पोट्टे आम्हाला पाहून खिदळत होते, "साडीवाल्या आल्या." मी तर पंजाबी ड्रेसमध्ये होती! राग डोक्यात घेऊनच बसली आणि एकेकाला झोडपलं. शेवटी एकच जीव उरला, राक्षस अर्धा शिल्लक. माझं विमान कोपऱ्यात अडकलं. आचलनं आपलं विमान मध्ये घातलं, गोळ्या चुकवत चुकवत त्याला स्वतःच्या मागे लावलं, आणि मी मागून फोडला त्याला! मी इतकी ओरडली की सरांनी कान झाकले.

कप मिळाला, पितळेचा दिसतो. पेपरवाल्यानं फोटो काढला. मिथुनचं तोंड पाहण्यासारखं होतं. आता बोला म्हणावं काकूला! बोला म्हणावं सगळ्यांना! आचलला साक्षगंधाच्या पाटावर बसवणार होते आज, आणि ती माझ्या बाजूला कप धरून उभी होती.

बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून झोपली. दमली असेल.

१३ मार्च

सकाळी तलावावर भांडे घासता घासता आचल म्हणाली, "जत्रेत तू बोलली, ते मले त्याच दिवशी समजलं. प्रफुलनं रांगेपाशी येऊन सांगतलं. तो आपल्या मायले लय समजावून राह्यला होता. नाई ऐकली ते."

मी म्हटलं, "मंग तू माह्यासोबत खेळली काऊन?"

"तुले जिंकाचं होतं ना."

मी म्हटलं, पण तुला कोणी विचारलं तरी होतं का?

"विचारलं होतं. मायनं. पाव्हणे गेले त्याच सांजी. मले तो पसंत होता, मी हाव म्हटलं." तिनं भाताचा गंज पालथा घातला. "तुह्या बाबानं विचारलं. तुह्या आईनं बी विचारलं. एक तुनंच नाई विचारलं, रिंकू."

मग भांडे उचलून घरी गेली.