बासष्ट ठिपके

८ सप्टेंबर, सोमवार

सगळे बिल्ले वाटून झाले! कासूत बासष्ट सायकली, बासष्ट बिल्ले. सीटखाली बिल्ला लावायचा. सायकल जवळ आली की टँकरच्या केबिनमधला डबा वाजणार, ड्रायव्हर वेग कमी करणार. आणि पेणच्या ऑफिसात माझ्या पडद्यावर प्रत्येक बिल्ल्याचा एक ठिपका. पायाचे तुकडे पडलेत, पण खूश आहे.

१० सप्टेंबर

ठिपके हलतच नाहीत. एकही नाही!

११ सप्टेंबर

कासूला जाऊन आले. बिल्ले बिघडलेले नाहीत, घरात ठेवलेत! हिरामणकाका – कंपनीच्या गेटवर वॉचमन, पहाटे पाचला हायवेनं सायकल हाणत जातात – हसून म्हणाले, "पितर चालल्यात ना, ताई. नवी वस्तू आता कशी लावायची? घट बसले का लावतो." बिल्ला कपाटात, खोक्यातून काढलेलासुद्धा नाही. बायजाकाकूंनी चहा पाजला. गावभर हेच उत्तर.

चिडू कोणावर? आईनं माझ्या नव्या स्कूटरची खरेदी याच पंधरवड्यासाठी अडवली, आणि मी मुकाट ऐकलं. वाटप पितृपक्षात ठेवणारी शहाणी मीच.

१२ सप्टेंबर

सरांना म्हटलं, घटस्थापनेपर्यंत थांबू. "वाटले ना? मग झालं. सोमवारपासून सुरू." अहवालावर सही माझी – बासष्ट बिल्ले, यंत्रणा तयार. केली सही. शेपूट घातलं.

१७ सप्टेंबर

प्रवीण टँकरवाला भेटला. "मॅडम, लय भारी काम! डबा गप हाय म्हंजे रस्ता मोकळा. बिनधास्त हाणायची." म्हटलं, अजून बिल्ले लावलेले नाहीत, जपून चालवा. "व्हय, व्हय," म्हणाला – मोबाईलमध्ये बघत. बाकीच्या चाळीस ड्रायव्हरांना कोण सांगणार? सर म्हणतात, घाबरवू नका त्यांना.

१९ सप्टेंबर

काकांना फोन केला. निदान तुम्ही तरी लावा म्हटलं. "दोन दिस तं ऱ्हायले, ताई. तीस वर्सं सायकल मारतोय, काय झालं का?"

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

श्राद्धाला घरी. आई सांगत होती, पहाटे कासूजवळ टँकरनं सायकलवाल्याला उडवलं म्हणे. कोणाला, ते तिला माहीत नाही. काकांना तीनदा फोन लावला, उचलत नाहीत. भीती वाटते आहे.

२२ सप्टेंबर. घटस्थापना

ठिपके हलले! साडेदहापर्यंत एकसष्ट. काकांचा मात्र घरातच.

पावणेबारा – तोही हलला! हायवेला लागला, पेणकडे येतोय! म्हणजे काका नव्हेत ते. रडूच फुटलं मला, सगळ्या ऑफिससमोर.

२२ सप्टेंबर, संध्याकाळ

ठिपका आमच्याच दारात थांबला. जनू होता, काकांचा धाकटा भाऊ. हॉस्पिटलच्या कागदांसाठी पेणला आलेला. त्यानं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं.

"वहिनीनं दिलाय. नवाच हाय. दुसऱ्या कोनाला तरी लावा."