तिसरी हाक

१२ नोव्हेंबर २००६, सोनाळा

प्रवास निर्विघ्न झाला. या मोहिमेची सुरुवात अशा वाक्याने करता यावी, याचे मला मनापासून समाधान आहे. शेगावहून निघालेली एस.टी. वरवट बकालला बराच वेळ थांबली. तेवढ्यात चहा झाला आणि तारेवर बसलेल्या नीलपंखाने स्वागतही केले. गावाच्या उत्तरेस सातपुडा इतका जवळ आहे, की सकाळच्या उन्हात त्याच्या घळी बोटाने दाखवाव्यात.

राहण्याची सोय मुबीनाखाला यांच्या माडीवर आहे. साठीच्या, एकट्याच राहणाऱ्या, स्वच्छतेची जाण असलेल्या बाई आहेत. खिडकी थेट शेतांकडे उघडते. खाली पराटी, म्हणजे आपली कपाशी, पलीकडे जंगल. बीटी बियाणे आल्यापासून पराटीने बांधच नव्हे, तर वनहद्दीचा दगडही गिळला आहे. यंदा तिची पाने बोंडे फुटण्याआधीच लाल पडली आहेत.

कामाचे स्वरूप स्पष्ट आहे. या सीमेवरच्या वनपट्ट्यात रानपिंगळा आहे, हे सिद्ध करायचे आहे. महिनाअखेरपर्यंत खात्रीचे ध्वनिमुद्रण समितीकडे गेले, तर पट्टा अभयारण्याला जोडला जाईल. न गेले, तर गिट्टीच्या खाणीला. वृत्तपत्रे रानपिंगळ्याला सर्रास घुबड म्हणतात आणि छायाचित्र साध्या पिंगळ्याचे छापतात. ज्याच्या डोक्यावर ठिपके नसतात आणि जो भर दिवसा बोलतो, तो रानपिंगळा. एवढा फरक लक्षात ठेवणे फार अवघड नसावे.

१४ नोव्हेंबर

माझ्याआधी हे काम नौमान नावाच्या तरुणाकडे होते. तो मुबीनाखालांचाच मुलगा, हे मला इथे आल्यावर कळले. संस्थेने एवढेच सांगितले होते, की त्याने काम अर्धवट सोडले. गेल्या हिवाळ्यात तो ध्वनिमुद्रणाला गेला, यंत्र बांधावर चालू स्थितीत सापडले, तो सापडला नाही. पोलिसांच्या मते सुरतेला गेला असावा.

त्याची ध्वनिफीत आज ऐकली. पक्ष्याचा आवाज अस्सल आहे. दुहेरी, मवाळ, शेवटी किंचित चढणारा. पण बाकी सारा गलथानपणा. खरखर आहे. आरंभी तो नियमाप्रमाणे आपले नाव आणि गाव सांगतो, ते योग्यच. पण शेवटी एका स्त्रीचा आवाज त्याला नावाने हाक मारतो आणि हा गृहस्थ 'आया अम्मी' म्हणून चालू लागतो. ध्वनिमुद्रणाला आईला घेऊन जाणारा संशोधक मी प्रथमच पाहिला.

मुबीनाखालांनी फीत ऐकण्याची परवानगी मागितली. आरंभीचे 'मी नौमान, सोनाळा' एवढेच ऐकले, मग यंत्र बंद करायला सांगितले. पुढचे ऐकवत नाही, म्हणाल्या. रोज एकदा ऐकवाल का, असे त्यांनी विचारले. मी होकार दिला. भाड्यात तेवढे बसते.

१७ नोव्हेंबर

चिडचिडीचा दिवस. वनमजूर तुळशीराम उशिरा आला. सायकल पंक्चर झाली होती. कारण विचारता म्हणाला, सायकलीले काय समजते मॅडम, पुण्याचे लोक वाट पाहून राह्यले म्हणून. मी कर्ण्यावरून पक्ष्याचा आवाज वाजवते, हे त्याला फार विनोदी वाटते. "घुबडाले आवतन देऊन राह्यले, पण जेवाले काय ठेवलं?" असे त्याने वेचणीवाल्या बायांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले.

या बायाच खरी अडचण आहेत. कमरेला ओटी बांधून पराटीत शिरल्या, की क्षणभर गप्प बसत नाहीत. त्यांची पुढारी सोजराबाई हिला मी शांततेची विनंती केली. तिने तंबाखूची चिमूट दाढेत धरून मला सविस्तर समजावले, की मुक्याने कापूस वेचत नसतात. सगळ्या बोलत राहिल्या की कोणी कोणाला हाक मारायची गरज पडत नाही. या शेतात हाक मारणे बरे नाही. "अन् कोणी मारलीच तं तिसरीले ओ द्याची. हे जे काई हाय, त्याले दोनच येतात." हे म्हणजे काय, ते तिला सांगता आले नाही. तुळशीराम म्हणाला, माझी बायको तं दहाव्या हाकेलेबी ओ देत नाही, मले कोणाची भीती? सगळ्या हसल्या.

शेवटी मी शेतमालक दयाराम यांच्याकरवी ताकीद देवविली. वनहद्दीकडच्या ओळींत वेचणी करायची, तर मुकाट्याने. आता शेतात शांतता आहे. इतकी, की पाखरूही बोलत नाही.

माझी पद्धत काटेकोर आहे. आवाज तीनदा वाजवायचा, दोन आवाजांत समान अंतर, मग स्तब्धता. पुन्हा तीनदा. नौमान मनाला येईल तसा वाजवत असे.

२० नोव्हेंबर

प्रतिसाद मिळाला. भर दुपारी, हद्दीच्या दगडाजवळून. दोनदा. मग काहीच नाही.

पक्षी दिसला नाही, याचा खेद आहे. आवाज झाडावरून नव्हे, पराटीतून आला, हेही चमत्कारिक. पण वेगळेपण हाच शास्त्राचा आरंभ असतो. मी तीनचा संच चालू ठेवला. तो दोनवर थांबतो. त्याला तिसरा जमवायचा आहे, असे ऐकताना वाटते. कोणत्याही विद्यार्थ्याला सरावानेच येते.

२३ नोव्हेंबर

माझी फसवणूक होत आहे. आजचा प्रतिसाद कानाला यंत्र लावून ऐकला. पक्ष्याच्या आवाजाआधी बारीक खरखर आहे. तीच खरखर, जी नौमानच्या फितीत आहे. कोणीतरी त्या फितीची नक्कल करून पराटीत लपून वाजवीत आहे.

मी तुळशीरामला स्पष्ट विचारले. तो विनोद विसरला. म्हणाला, मॅडम, आमच्या घरी रेडिओबी नाही, अन् मले चोर म्हनाले तुमाले काऊन लाज नाही वाटत? तडक निघून गेला. त्याची समजूत घालण्याइतका वेळ मजजवळ नाही. प्रतिसादाच्या जागी मी स्वतः पाहून आले. माणूस बसल्याची खूण नाही. पराटी कमरेएवढी, तीत लपणार कोण?

२५ नोव्हेंबर

भारनियमनातून उरलेल्या वेळात फीत संगणकावर घेऊन स्वच्छ केली. खरखर काढली. मनुष्याचे आवाज काढले. आरंभीचे नाव आणि शेवटची हाकही. स्वच्छ केलेले परत उतरविताना मूळ फीत पुसली गेली. जपण्यासारखे तीत आता काही नव्हते. उरला तो केवळ पक्षी. असे निर्दोष ध्वनिमुद्रण या जातीचे फार थोड्यांजवळ असेल.

संध्याकाळी मुबीनाखाला नेहमीप्रमाणे बसल्या. यंत्रातून पक्षी बोलला. त्या वाट पाहत राहिल्या. मग विचारले, माझा मुलगा कुठे गेला?

मी समजावून सांगितले, की समितीपुढे जाणाऱ्या मुद्रणात मनुष्याचा आवाज दोष ठरतो. आणि मुळात दोष त्यांचाच होता, त्या शेतात जाऊन त्यांनी हाक मारायला नको होती.  त्या म्हणाल्या, त्या शेतात त्या आयुष्यात कधी गेलेल्या नाहीत. त्या दिवशी तर तापाने खाटेवर होत्या. साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

आवाज त्यांचाच होता. माझा कान चुकत नाही.

२७ नोव्हेंबर

जे पाहिले ते क्रमाने लिहिते.

दुपार. स्वच्छ ऊन. मी बांधावर, दुर्बीण डोळ्यांना. बाया ताकिदीप्रमाणे मुकाट वेचत होत्या. पराटीतून मनकर्णाबाईच्या आवाजात हाक आली: सोजरा. मनकर्णाबाई ही सोजराबाईची जाऊ. ती त्या वेळी माझ्या मागे, निंबाखाली पाणी पीत होती. तिचा तांब्या हातातच राहिला.

सोजराबाईने मान वर केली, तंबाखू थुंकली, हसली. दुसरी हाक आली. तिने आमच्याकडे पाहून दोन बोटे दाखवली, म्हणजे पाहा, म्हटले होते ना.

मग तिसरी आली. समान अंतराने.

सोजराबाईच्या चेहऱ्यावर जे आले त्याला मी सुटका म्हणेन. "हाव, आली वं," असे ती म्हणाली आणि हद्दीच्या दगडाकडे चालू लागली. मनकर्णाबाई ओरडत होती. मी दुर्बीण हलविली नाही. सोजराबाई खाली वाकली नाही, पडली नाही. पराटी कमरेएवढी आहे, आणि सोजराबाई तीत नव्हती. एक पानही हलले नाही.

२८ नोव्हेंबर

गावकरी शेत शोधून आले. ओटी सापडली. भरलेली, गाठ न सुटलेली.

तुळशीराम आला, पण आत आला नाही. अंगणातूनच विचारले: आजवर दोनच येत होत्या. बापाच्या वक्ताले दोन, आज्याच्या वक्ताले दोन. तिसरी कोनं शिकोली?

 उत्तराची वाट न पाहताच तो गेला.

आज समितीचा निरोप आला. ध्वनिमुद्रण तातडीने हवे. माझ्याजवळ प्रतिसादांची मुद्रणे आहेत. कोणताही तज्ज्ञ त्यांना रानपिंगळा म्हणेल. ती पाठवली, तर जंगल वाचते आणि माझे नाव होते. मी 'आढळला नाही' असे लिहून पाठविले. इथे पक्षी नाही. कदाचित गेल्या हिवाळ्यातही नव्हता. नौमाननेही कोणा दुसऱ्याचाच आवाज टिपला असेल —

खाणवाले येतील. यंत्रे आणतील. गोंगाट करतील. प्रथमच मला गोंगाट हवासा वाटतो.

२९ नोव्हेंबर

सकाळी हद्दीकडून नौमानचा आवाज. 'मी नौमान, सोनाळा.' फितीतला, जसाच्या तसा — मी पुसलेला. मग 'अम्मी'. तीनदा.

मुबीनाखाला अनवाणी दाराकडे निघाल्या. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्या म्हणाल्या, तिसरी झाली, आता माणूसच आहे, जाऊ द्या. मी सांगितले, तिसरी मीच शिकविली आहे. मीच. रोज, कर्ण्यावरून. त्या ऐकेनात. मग मी त्यांना माडीवर आणले, वीज नव्हती म्हणून उजेडाला खिडकी उघडून तिच्यापाशी बसविले, हात धरून पुन्हा पुन्हा सांगितले: आता चौथी हाक आल्याखेरीज ओ द्यायची नाही. ते चौथी देऊ शकत नाही. चौथी आली तरच माणूस. त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले. विद्यार्थ्याकडून घ्यावे तसे.

आम्ही वाट पाहिली. चौथी आली नाही. त्या रडत राहिल्या. पण गेल्या नाहीत.

नियम सापडला. उद्या साऱ्या गावाला सांगेन. अजून दुरुस्त करता येईल —

३० नोव्हेंबर

सकाळ. खाला घरात नाहीत. कडी आतून काढलेली. चपला दारातच.

अंगण पाहिले. मोहल्ला पाहिला. कोणी पाहिले नाही. शेताकडे मी गेले नाही. जाववले नाही. माझ्यामुळे — ते नंतर.

माडीवर बसून लिहिते आहे.  अक्षर वाईट येते, खाडाखोड —

पराटीतून खालांचा आवाज. 'मॅडम.'

बोलायचे नाही.

दुसरी. किती थकल्यासारखा. वाट चुकल्या असतील. रात्रभर थंडीत —

तिसरी. तिसरीचा अर्थ नाही. ती माझीच आहे. बोलायचे नाही. लिहीत राहायचे.

शांतता. तीनच. तेच आहे ते. बरे झाले मी —

चौथी.

चौथी आली. चौथीचा नियम फक्त खालांना ठाऊक. मी या खोलीत, त्यांनाच, दुसऱ्या कोणालाही नाही — म्हणजे खालाच. जिवंत आहेत. खिडकीतून हात दाखविते, ही तर कालपासून उघडीच —

हाव, आले खा