निष्ठेचा बिल्ला आणि अर्धवट दाढ

२ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. देश कठीण काळातून जात असताना विचारी माणसानं आपली भूमिका टिपून ठेवावी. पुढे उपयोगी पडते.

भूमिका: मी कुठल्याच टोकाचा नाही. मी मधला.

प्रसंग: एका वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं. धर्माचा अपमान झाला म्हणून काही माथेफिरूंनी त्यांचं ऑफिस फोडलं. टीव्हीवर दुसरा विषय नाही. चौकटी-चौकटींतून सगळे एकदम ओरडतात. मीही ओरडतो. ही म्हणाली, अहो, त्यांना ऐकू जात नाहीये, आवाज कमी करा. टीव्हीचा की माझा, ते विचारलं नाही.

मी व्यंगचित्रकाराच्या पाठीशी ठाम उभा आहे. चित्र अजून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरांकडे. राहायला आमच्या समोरच्या दारात, दवाखाना तळमजल्यावर, सोसायटीच्याच खोलीत. डावीकडच्या दाढेचं रूट कॅनॉल सुरू केलं. आत औषध, वर तात्पुरतं सिमेंट. म्हणाले, डाव्या बाजूनं चावू नका, आणि पुढच्या सोमवारी नक्की या. अर्धवट सोडलंत तर दाढ तुम्हाला सोडणार नाही.

ऑफिस फोडणारे डॉक्टरांच्या धर्माचे होते. डॉक्टरांचा धर्म वेगळा आहे हे माझ्या कधी लक्षातही येत नाही. आज त्यांनी ड्रिल चालवलं तेव्हासुद्धा सारखं लक्षात येत नव्हतं.

४ मार्च, बुधवार

सोसायटीची तातडीची मीटिंग. सेक्रेटरी या नात्यानं मी खुर्चीत.

चौथ्या मजल्यावरचे मेजर तापले होते. (मेजर हे मिशांमुळे. नोकरी सगळी बिस्किटांच्या गोदामात गेली.) म्हणाले, या इमारतीत कोण कोणाच्या बाजूचं आहे ते एकदा कळू दे. बोलताना सगळ्यांकडे बघत होते, फक्त डॉक्टरांकडे नाही. त्यामुळे बाकीचे सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले.

वातावरण मी सांभाळलं. म्हटलं, कुणा एकाला वेगळं काढणं बरोबर नाही. सगळ्यांनीच छातीवर देशनिष्ठेचा बिल्ला लावू या. मी, मेजर, डॉक्टर, सगळे सारखे. टाळ्या.

मग नियम केले. बिल्ल्याशिवाय कुणी दिसला तर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. त्यानं मीटिंगमध्ये खुलासा द्यायचा. खुलासा पटला नाही तर सोसायटीतलं पद किंवा सोसायटीची जागा, जे असेल ते सोडायचं. मेजर म्हणाले, खुलासा काय, कुणीही देईल. म्हणून शेवटची ओळ मी घातली: साक्षीदार हवा, आणि साक्षीदार बिल्लाधारीच हवा. नाहीतर असले लोक एकमेकांचे साक्षीदार होतात.

मेजरांनी पाठ थोपटली. जरा जोरात. थाप दाढेपर्यंत गेली.

७ मार्च, शनिवार

बिल्ले आले. चांगले भक्कम आहेत, पितळी. मी लगेच लावला. मुलगी कॉलेजला निघाली होती. म्हणाली, बाबा, बनियनवर? म्हटलं, निष्ठेला कपडे नसतात. ती म्हणाली, ते दिसतंयच.

हिनं तिचा बिल्ला स्वयंपाकघराच्या पडद्याला टोचलाय. पडदा खिडकीतून बाहेर येत होता म्हणे. आता येत नाही.

लिफ्टमध्ये डॉक्टर. छाती मोकळी. सहज विचारलं. तेही सहज म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, मी दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडावर वाकलेला असतो. अंगावर टोचलेलं काही ठेवत नाही. उद्या बिल्ला सुटून तुमच्या घशात गेला तर?

मित्र म्हणून पटलं. सेक्रेटरी म्हणून फोटो काढला.

९ मार्च, सोमवार

दाढेची तारीख. गेलो नाही. ज्याचा खुलासा बुधवारी ऐकायचा, त्याच्यासमोर आज आडवं पडायचं, हे निःपक्षपातीपणात बसत नाही. हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, दात दाखवायला जायचंय, जाब विचारायला नाही.

दाढ शांत आहे. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

११ मार्च, बुधवार

डॉक्टरांचा खुलासा.

उभे राहिले आणि म्हणाले, ऑफिस फोडणारे मूर्ख आहेत, त्यांना तुरुंगात टाका. ते चित्र मला आवडलं नाही, पण न आवडलेलं चित्र बघून पान उलटायचं असतं. बिल्ल्याचं कारण सेक्रेटरींना सांगितलं आहे. एवढं बोलून बसले.

मेजर म्हणाले, इतक्या पटकन? म्हणजे पाठ करून आलेत.

डॉक्टरांनी विचारलं, उद्या तुमच्यापैकी कुणी काही फोडलं तर मी तुमची बेल वाजवून खुलासा मागायचा का? मी म्हटलं, विषयांतर नको.

साक्षीदार म्हणून ही उठली! मला आधी काही बोलली नव्हती. म्हणाली, माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टरभाऊजी रोज वर येऊन त्यांची कवळी बसवून जायचे, तेव्हा त्यांना दोन घास जायचे. तेव्हा त्यांच्या छातीवर काय होतं ते कुणी बघितलं नाही.

मेजरांनी हिच्या छातीवर बिल्ला नसल्याकडे लक्ष वेधलं. नियम म्हणजे नियम. साक्ष बाद. बाद करताना मला काय वाटलं असेल ते माझं मलाच ठाऊक. हिलाही ठाऊक असावं, कारण जेवण झाकून ठेवलं होतं आणि ही झोपली होती.

ठराव: महिनाअखेर डॉक्टरांनी खोली रिकामी करावी. दोन्ही बाजू मला पटत होत्या. मी तटस्थ राहिलो. ठराव एका मतानं मंजूर झाला.

१४ मार्च, शनिवार

त्याच व्यंगचित्रकाराचं नवं चित्र. हे मात्र पाहिलं. एक जाडा माणूस, बनियनवर बिल्ला, आरशाला सलाम ठोकतोय आणि आरशातल्या माणसाला विचारतोय, तुझा बिल्ला उलट्या बाजूला का?

हे स्वातंत्र्य नव्हे. स्वातंत्र्याला जबाबदारी असते. शिवाय माझं पोट इतकं नाही.

वर्तमानपत्र बंद केलं. ही म्हणाली, कोडं तरी ठेवायचंत.

दुपारी मेजर आणि आणखी काही जण वर्तमानपत्राच्या ऑफिसवर निवेदन घेऊन गेले. निवेदन देताना काच फुटली. फोडली नाही, फुटली. त्यामागच्या भावना समजून घ्यायला हव्यात, असं ग्रुपवर लिहिलं. मुलीनं विचारलं, बाबा, मेजरकाकांबद्दल तुमचा खुलासा कधी? आणि डॉक्टरकाका बेल वाजवतील तेव्हा दार मी उघडू की तुम्ही?

या पिढीला बारकावे कळत नाहीत.

डॉक्टरांनी बेल वाजवली नाही.

१७ मार्च, मंगळवार

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य: माझी रोखठोक भूमिका'. बाहेरचे लोकही येणार. आरशासमोर तालीम केली. मग ते चित्र आठवलं. खिडकीसमोर केली.

व्याख्यानात व्यंगचित्रकाराच्या बाजूनं एक परिच्छेद आहे, २ मार्चचा. ठेवलाय. मी भूमिका बदलणारा माणूस नाही. फक्त त्यापुढे 'परंतु' घालून दीड पान वाढवलंय.

तालमीच्या भरात शेंगदाणे खाल्ले. डाव्या बाजूनं. सिमेंटचा तुकडा हातात आला.

१९ मार्च, गुरुवार

लवंग. मिठाचं पाणी. बर्फ. परत लवंग. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुणी मारलं का?

दुसऱ्या एका दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, ज्यांनी उघडलंय त्यांच्याकडेच जा, आत काय ठेवलंय ते त्यांनाच माहीत. देशभरात हीच अडचण आहे, कुणी दुसऱ्याची जबाबदारी घेत नाही.

२१ मार्च, शनिवार

हॉल भरलेला. मी उभा राहिलो. गाल इतका सुजला होता की बिल्ला मला दिसत नव्हता. तोंड उघडायला गेलो. उघडलं नाही. चमचा जाईल इतकीच फट. तेवढ्यातून 'मित्रहो' जात नाही.

मेजरांनी माझ्या हातातले कागद घेतले आणि स्वतः वाचले. व्यंगचित्रकाराचा परिच्छेद गाळला, 'परंतु'पासून सुरुवात केली. मी हातवारे करून थांबवायचा प्रयत्न केला. लोकांना वाटलं मी भारावलोय. खूप टाळ्या.

पहिल्या रांगेत ही. टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत डॉक्टर. भाषण ऐकत नव्हते, माझा गाल बघत होते.

२२ मार्च, रविवार

डॉक्टरांनीच बेल वाजवली. मी खुलाशाच्या तयारीनं उठलो. ते म्हणाले, चला खाली, हे उद्यापर्यंत ठेवण्यासारखं नाही.

दवाखान्यात खोकी बांधलेली. त्यांनी एक्स-रेचं मशीन परत खोक्यातून काढलं. म्हणाले, अंगावर धातूचं काही असेल तर काढा. चष्मा काढला. साखळी काढली. मग बिल्ल्याकडे बघत राहिले. मी काढला. त्यांनी तो चिमटे ठेवायच्या ट्रेमध्ये ठेवला, नीट, सरळ.

मग तोंडात कापूस, नळी, आरसा. ते काम करता करता बोलत होते. म्हणाले, या खुर्चीत बसलं की सगळ्यांना काहीतरी बोलायचंच असतं. तुमच्या आईही बोलायच्या. मलाही बोलायचं होतं. पुष्कळ. 'आँ' एवढं जमलं. ते म्हणाले, हो, कळलं. काय कळलं कुणास ठाऊक.

पस निघाला. बरं वाटलं. अजून एक सिटिंग लागेल म्हणाले, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या जागेत.

बाहेर पडलो तर पायरीवर मेजर. मोबाईल माझ्याकडे धरलेला. हसलो. अर्ध्याच तोंडानं, बाकीचं बधिर होतं.

२३ मार्च, सोमवार

ग्रुपवर माझा फोटो. सुजलेला गाल, वाकडं हसू, छाती मोकळी, मागे डॉक्टरांची पाटी. खाली मेजरांचा प्रश्न: सेक्रेटरींचा बिल्ला कुठे आहे?

डॉक्टर स्वतः चौथ्या मजल्यावर गेले. बिल्ला मेजरांच्या हातात ठेवला. म्हणाले, एक्स-रेसाठी मी काढायला लावला, मी साक्षीदार आहे. मेजर म्हणाले, तुमची साक्ष कशी चालेल, तुमच्या छातीवर कुठे बिल्ला आहे? आणि नियमाची शेवटची ओळ वाचून दाखवली. चांगली लिहिली आहे. कुठून पळवाट नाही.

उद्या संध्याकाळी मीटिंग. माझा खुलासा. पटला नाही तर सेक्रेटरीपद जाणार.

हिला विचारलं. म्हणाली, मी उद्याही येते साक्षीला, पण माझी साक्ष तुम्हीच बाद केलीये.

मुलीला म्हटलं, एका मताचाच प्रश्न आहे गं. इमारतीत एवढी विचारी माणसं आहेत, मधली, कुठल्या टोकाची नसलेली. ती उभी राहतील ना माझ्यासाठी?

ती म्हणाली, येतील की, बाबा. सगळी येतील. आणि तटस्थ राहतील.