वाळवंटातला राहिलेला ट

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि शेजारणीशी चाललेलं भांडण यांची खुशाली कळव. (पहिली दोन दुखणी थांबली असतील आणि तिसरं चालू असेल असं धरून चालतो.) माझी तब्येत ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. इथे थंडी औषधालासुद्धा नाही, म्हणून तू विणलेला स्वेटर मी आमच्या तिकीटवाल्यांना देऊन टाकला. रागावू नकोस, त्यांना तो अगदी चपखल बसतो. तू तो माझ्या मापाने नव्हे, मी कसा व्हावा या तुझ्या इच्छेच्या मापाने विणला होतास. आणि एक विनंती, माझ्या लग्नाचा विषय उत्तरात काढू नकोस. सध्या मान वर करायला फुरसत नाही.

तू शब्द टाकलास म्हणून मिळालेलं हे काम म्हणजे एका भल्यामोठ्या काचघरातल्या पाट्या रंगवणं. आत चार खोल्या आणि प्रत्येक खोलीत पृथ्वीचा एकेक तुकडा: पावसाचं जंगल, गवताळ रान, वाळवंट आणि टुंड्रा, म्हणजे बर्फाचा मुलूख. चारही ऋतू एका छपराखाली नांदवणाऱ्या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. (सासू-सुना एका छपराखाली नांदवणं ज्यांना जमत नाही त्यांनी इथे येऊन बघावं.) बाईंनी मला पहिल्याच दिवशी सगळीकडे हिंडवलं. गवताच्या खोलीत प्रेक्षक ‘इथे काहीच नाही’ म्हणून पुढे सरकतात. बाई म्हणाल्या, असं म्हणूनच माणसांनी अशी रानं नांगरली, नाहीतर त्यांत भलती झाडं लावून पुण्य मिळवलं. गवताला चरणारी गुरं हवीत, पण पाळीने. एक तुकडा चरू द्यायचा, दुसरा उगवू द्यायचा. वाळवंटातली शहाणी माणसं विहीर आटेपर्यंत तिथे थांबत नाहीत, आधीच तळ हलवतात. जंगलातली माणसं झाडाचा चीक काढतात, तोही झाड उद्या परत देईल इतकाच. आणि बर्फात तर कळपाला वाट दाखवायच्या फंदात कुणी पडत नाही, कळप जिकडे जाईल तिकडे माणूस निघतो. हे ऐकून मी इतका भारावलो, की ब्रश रंगाच्या डब्याऐवजी त्यांच्या चहात बुडवला. (त्या चहा प्यायल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. अशी माणसं राहिली नाहीत, मावशी.)

आता मुद्द्याचं. वाळवंटाच्या खोलीत एक निवडुंग आहे. बाईंनी तो बियांपासून वाढवला आणि इतक्या वर्षांत त्याला यंदा पहिली कळी धरली. हवेत जरा दमटपणा आला तर ती गळणार, म्हणून बाई त्या खोलीत श्वाससुद्धा बेताने सोडत होत्या. मी नेमकी त्याच दाराची पाटी रंगवायला घेतली. अनुस्वार मी सगळ्यात शेवटी देतो, गालबोट लावल्यासारखा, हे तुला ठाऊक आहे. पण ‘वाळव’ एवढं झालं आणि पिवळा रंग संपला. दुकानदार भाचीच्या लग्नाला गेलेला. पाटी लांबून कशी दिसते ते बघावं म्हणून मी ती टांगली, आणि टांगलेली पाटी उतरवायचा कंटाळा मला लहानपणापासून आहे.

काचघरामागच्या इमारतींना ऊन म्हणजे चुकून आलेला पाहुणा. तिथल्या एका काकूंनी पाटी वाचली, आतल्या गरम कोरड्या हवेत हात फिरवला आणि बादली घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी अख्खी इमारत आली. तिकीटवाले म्हणाले, “काचघराने लोकांसाठी काहीतरी केलं एकदाचं!” निवडुंगावर मोजे, खडकांवर चादरी, आणि काचांवरून पाण्याचे ओघळ. बाई आल्या तेव्हा कळीच्या देठाशी पिवळेपणा दिसत होता.

“हे काय चाललंय?” त्या म्हणाल्या.

“तुम्हीच लिहिलंय की, वाळव,” काकू म्हणाल्या. “आणि काय हो बाई, ‘वाळवा’ लिहिलं असतं तर रंग जास्त लागला असता? अरेतुरे कशाला?”

दुसरी कुणी असती तर तिने बादल्यांसकट सगळ्यांना हाकललं असतं. (मला तर बादलीत घालून.) बाई कळीजवळ गेल्या, मग चादरीला हात लावला आणि विचारलं, “तुमच्याकडे कपडे वाळतच नाहीत?” काकूंनी आंबट वास येणारा एक सदरा त्यांच्या नाकाशी धरला. उत्तर मिळालं.

वाळवंट आणि जंगल यांच्यामध्ये एक बोळ आहे. बाईंनी तिथे दोऱ्या बांधायला लावल्या आणि पंखा फिरवून घेतला. आता वाळवंटाची कोरडी हवा ओल्या कपड्यांतून जाते आणि ओल घेऊन जंगलात शिरते. जंगलाला ती हवीच असते. दोरीवर गर्दी नको म्हणून मजल्यांच्या पाळ्या लावल्या, गुरांच्या चराईसारख्या. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्याने घुसखोरी केली, तर काकूंनीच त्यांना परत धाडलं, “आज गवत उगवायचा दिवस आहे!” मावशी, मी खरं सांगतो, जग चालवायला अशा दोन बायका पुरतील.

काल कळी उमलली. (साबणाचा वास येतो, हे तिकीटवाल्यांचं वैयक्तिक मत.) सगळी इमारत बघायला आली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा काकू त्यांना हळूच म्हणाल्या, “बाहेर चला, इथे दमट होईल.”

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. माझ्यावर बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुमचा राहिलेला ट बर्फाच्या खोलीत वापरा. टुंड्राची सुरुवात त्यानेच होते.” पाटी आतल्या भिंतीवर आहे, तिथे रंग आणि रंगारी दोघेही गोठतात. तरी एक स्वेटर तातडीने पाठव. तिकीटवाले जुना परत करायला तयार नाहीत.

ता. क. २. दोन पाठव. शिडी बाई धरतात, आणि त्यांच्याकडेही स्वेटर नाही. माप पत्रात कसं कळवणार? तूच ये आणि घे. आलीसच, तर वर ज्या विषयाला मनाई केली आहे, तो त्यांच्यासमोर काढलास तरी मी काही म्हणणार नाही.