जोडीला एक गाठोडं

१८ जानेवारी २००७

एकट्या बाईला कामावर नेत नाहीत म्हणे! खंडेराव मुकादम बशीतला चहा फुंकत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "जोडी लागती. नवरा-बायको. एकटा गडी नाय, एकटी बाई नाय." मी म्हटलं, माझा नवरा तिथंच आहे, त्याच्याकडेच जायचंय मला. "मंग त्याला हिकडं बोलव, दोघं संगं चला." आणि हसला मेला.

बोलावू कसं? लखनला जाऊन सव्वा वर्ष झालं. अंदमानच्याही पुढचं कुठलंसं बेट. समुद्राची मोठी लाट आली तेव्हा तिथली घरं वाहून गेली, ती बांधायला खंडेरावनंच नेला त्याला. सुरुवातीला दोनदा दुकानात फोन आला. पावसाळ्यापासून तोही नाही. पत्राचं तर नावच नको – नुसती सही करायची तर जीभ बाहेर येते त्याची. आजारी आहे, बुडाला, की आणखी काही – काहीच कळत नाही. मला आता हे सहन होत नाही.

२० जानेवारी

खंडेरावचा निरोप. हरसूलकडचा कोणी मंगळू आहे, त्याची बायको घरी नाही. त्याची जोडी म्हणून चल. कागदापुरतं. तिथं पोचलं की तू तुझ्या नवऱ्याकडे, तो त्याच्या कामाला.

सासूला, भागुबाईला सांगितलं. भाकरी थापता थापता हात थांबला तिचा. "नको जाऊ, मोहिनी. येईल त्यो. लोकं काय म्हनतील?" मी म्हटलं, लोक आत्ताच काय कमी म्हणतात? तीन वर्षं झाली लग्नाला, मूल नाही, नवरा पळाला! त्यावर काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भागुबाई एरवी अशी गप्प बसणारी नाही.

अंगणवाडीतलं काम सोडलं. बाईंनी तोंड वाकडं केलं. करू दे.

२३ जानेवारी, नाशिक

सुरगाण्याहून जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून आले. पाय अजून थरथरतात.

मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून मोकळी जागा आहे, तिथं आम्हाला उतरवलं. सगळ्या जोड्या. वर आभाळ, खाली खडी. मंगळू आधीच आला होता. पस्तिशीचा असेल, एका पायानं लंगडतो, बोलतो कमी. मी म्हटलं, "नमस्कार, दादा." तो जमिनीकडे बघून हसला.

मग खंडेरावचं फर्मान – जोडीला एक गाठोडं! जास्त दिसलं तर नाल्यात फेकून देईन. बोटीवर जागा नसते. म्हणजे माझं आणि त्या परक्या माणसाचं सामान एकात. माझी दुसरी साडी, गोधडी, नागलीचं पीठ, ही वही. त्याचे दोन शर्ट, घोंगडी, पातेलं. माझे आतले कपडे मी साडीच्या घडीत कोंबले. तो पाठ करून उभा राहिला. तेवढी लाज आहे म्हणायची.

२४ जानेवारी

थंडी! हाडं गोठली. आमच्या डोंगरात थंडी असते, पण तिथं चार भिंती असतात. पहाटेपासून कोबी-फ्लॉवरच्या गाड्या, हॉर्न, हमालांच्या शिव्या. बोट कधी, कोणालाच ठाऊक नाही. खंडेराव म्हणतो, "निघू की."

२६ जानेवारी

ठेकेदाराचा माणूस जोड्या बघायला आला. सगळ्यांना दोन-दोन करून उभं केलं, बाजारातल्या बैलांसारखं. आमच्यापाशी आला आणि माझ्या तोंडून गेलं – "दादा, गाठोडं द्या इकडं." खंडेरावनं माझ्याकडे असं बघितलं की खाऊन टाकतो. मंगळूच पटकन म्हणाला, "तिच्या माहेरी सगळ्यांला दादाच म्हनत्यात, साहेब." माणूस हसला आणि पुढे गेला.

नंतर शेजारच्या चुलीवरची सुवर्णा पोट धरून हसत होती. "नवऱ्याला दादा म्हनती! अगं, अहो म्हन, अहो!" तिला सगळं ठाऊक आहे, इथं कोणापासून काही लपत नाही. बाई चांगली आहे, पण जिभेला हाड नाही.

तर आता "अहो". तोंडात खडा आल्यासारखं वाटतं.

२८ जानेवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी तांदूळ निवडताना सुवर्णा सहज म्हणाली, "एकट्या गड्याला नेतच नाय, तर तुझा नवरा एकटा कसा गेला गं?"

मला हे आधी का सुचलं नाही? की सुचलं होतं आणि मी दाबून टाकलं? पहिल्याच दिवशी खंडेरावनं तोंडावर सांगितलं होतं – एकटा गडी नाय. मी ऐकलं आणि घरी येऊन जेवले!

तशीच उठले, खंडेरावला गाठलं. आधी म्हणाला, तवा घेत व्हते एकटे. मी म्हटलं, खोटं बोललास तर आत्ता यार्डात जाऊन बोंब मारीन की तू खोट्या जोड्या नेतोस. तेव्हा कबूल झाला. "नेली व्हती एक बाई त्याच्या जोडीला. कागदापुरती. तू आन मंगळू, तसंच."

तिथं राहतात कुठं? "जोडीला एक खोली. पत्र्याची."

एक खोली.

कोण बाई? त्यानं नुसती हनुवटी केली – मंगळूकडे.

मंगळू पातेलं घासत होता. राख तशीच हाताला. म्हणाला, "माझी घरवाली. विठा." त्या वर्षी घराची कौलं नीट करताना हा वरून पडला, पाय मोडला. कामावर जायला कोणी नाही. ह्यानंच तिला धाडली. आता पावसाळ्यापासून तिची काही खबर नाही आणि गाव ह्याच्याकडे बघून हसतं. मी कोण हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यानंच खंडेरावला माझं नाव सुचवलं!

मग म्हणाला, "इतके दिस विचारीन म्हनत व्हतो. तुमचा मानूस कसा हाय?"

मला म्हणायचं होतं, चांगला आहे. साधा आहे. तोंडून निघालं, "मला काय ठाऊक!"

आणि सासूला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत असणार. मला कोणी सांगितलं नाही, कारण मोहिनी तमाशा करील. केला असता! चांगला वेशीपर्यंत केला असता.

२९ जानेवारी

स्टँडवर गेले. सुरगाण्याची गाडी लागली होती. दारात पाय ठेवला, कंडक्टर म्हणाला, चढा बाई. उतरले.

घरी जाऊन काय करू? भागुबाईच्या समोर बसून भाकरी थापू आणि दोघी गप्प राहू?

परत आले तर मंगळूनं माझ्या वाटणीचा भात झाकून ठेवला होता.

३१ जानेवारी

आता आम्हाला एकच काम. चूल विझली की त्या दोघांबद्दल बोलायचं. विठा कशी दिसते? उजळ आहे, तो म्हणाला, हसली की गालावर खळी. लखनला मासळी आवडते का, त्यानं विचारलं. आवडते. "विठा मासळी लय झाक करती." हे ऐकून मी अर्धी भाकर टाकून दिली. मग मी सांगितलं, लखन काम करताना शीळ घालतो, बाया वळून बघतात. तर मंगळूचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं.

खोलीत चूल कुठं, अंथरूण कुठं, सगळं आम्ही दोघांनी मिळून मांडलं. न बघितलेल्या घरात आम्ही रोज संध्याकाळी जाऊन बसतो. हे बरं नाही. पण न बोललं तर ते डोक्यात एकटीनं सोसावं लागतं, आणि ते जास्त वाईट.

तो वाऱ्याच्या बाजूला झोपतो. मी सांगितलं नव्हतं.

१ फेब्रुवारी

गोधडीनं भागत नाही. वरून घोंगडी घेतली. त्याची. धुराचा वास येतो, आमच्याही घराचा असाच येतो.

२ फेब्रुवारी

निघालो! खंडेराव एकदम येऊन ओरडला, उचला. कोणाचा भात चुलीवर, कोणाची लुगडी भिंतीवर वाळत. भात तिथंच ओतून पातेलं गरम गरमच गाठोड्यात घातलं. एका गाठोड्यात सगळा संसार असला की निघायला वेळ लागत नाही. कुणाचा संसार, हा प्रश्न वेगळा.

मनमाडला मद्रासची गाडी. संडासाच्या दाराशी जागा मिळाली.

५ फेब्रुवारी, मद्रास

बंदराबाहेर रस्त्याच्या कडेला पडलो आहोत. इथं थंडी नाही, घाम. भाषेचं एक अक्षर कळत नाही. डास तर आपल्या कोंबडीच्या पिल्लाएवढे!

सुवर्णाला ताप भरला. तिचा नवरा रडकुंडीला आला, कारण ती पडली तर जोडी मोडली, आणि मोडल्या जोडीला बोटीवर घेणार नाहीत. तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं आणि तपासणाऱ्यासमोरून चालवत नेली. ती बिचारी हसत होती, शुद्धीवर नव्हती. मला खंडेरावचा गळा दाबावासा वाटला.

मंगळू म्हणाला, "विठा आजारी पडली आसंल तिथं, तर तुमच्या मानसानं बघितलं आसंल का?" मी म्हटलं, "बघितलंच असेल की, जवळून!" असं बोलायला नको होतं. तो उठून लांब जाऊन बसला. मी जाऊन त्याला परत आणलं. हाताला धरून.

८ फेब्रुवारी, बोटीवर

खाली तळाला एकावर एक फळ्या, ओकारीचा वास, दम कोंडतो. म्हणून वर उघड्यावर झोपतो. पाणी, पाणी, पाणी. मला पोहता येत नाही. ह्याच पाण्यातून लखन गेला तेव्हा घाबरला असेल. त्याला विहिरीचीसुद्धा भीती वाटते. तेव्हा विठाचा हात धरला असेल.

धरला असेलच.

९ फेब्रुवारी

लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःशीच खोटं बोलता येणार नाही. मंगळूनं काही केलं नाही. मी केलं. घोंगडी मी ओढली, हात मी धरला. तो म्हणाला, "बाई, नको. मागनं तुम्हालाच तरास व्हईल." मी म्हटलं, ते दोघं तिकडं एका खोलीत वर्ष काढतात, आणि आपण का वाळून जायचं? मग त्यानं हात सोडवला नाही.

मला रडू आलं नाही. लखनचा राग होता, तोही आला नाही. किती महिन्यांनी मला शांत झोप लागली. हे सगळ्यात वाईट.

१० फेब्रुवारी

सकाळपासून तो मला "मोहिनी" म्हणतो. मी "अहो" म्हणते. आता तोंडात खडा येत नाही.

ठरवलं आहे. उतरल्यावर भांडायचं नाही, केस ओढायचे नाहीत. समोर उभं राहायचं आणि सांगायचं – तुम्ही तुमचं बघा, आम्ही आमचं बघतो. लखनचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय. मंगळू म्हणाला, विठा रडली तर त्याच्यानं बोलवणार नाही. मी म्हटलं, मी बोलीन.

१३ फेब्रुवारी, बेट

पोर्ट ब्लेअरहून दुसरी लहान बोट. ती आज सकाळी लागली. विठा धक्क्यावरच होती, स्वयंपाकाची लाकडं उतरवून घ्यायला आलेली. मंगळूला बघितलं आणि लाकडं टाकून धावत आली, त्याच्या पायाला हात लावून लावून बघायला लागली, नीट जुळला का म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. "ह्या कोन?" मंगळूचं तोंड उघडेना. मी बोलीन म्हटलं होतं, माझंही उघडेना. इथला मुकादम कागद बघून म्हणाला, "मंगळूची बायको."

ती हसली. कागदापुरतं हे तिला ठाऊकच. "तुझं खरं गाव कोन्तं, बाई?" मी सांगितलं. नाव सांगितलं. तशी तिनं माझे दोन्ही हात धरले. "लखनभाऊची मोहिनी? अगं, मागच्या बोटीनं गेला ना त्यो! तुलाच आनायला. आधी हरसूलला जाऊन ह्यान्ला माझी खुशाली सांगनार, मंग घरी. हितला फोन पावसात गेला त्यो गेलाच, म्हनून जीव टांगनीला लागला व्हता त्याचा."

मी खोली विचारली. तिनं दाखवली. एवढीशी, पत्र्याची. दाराबाहेर नारळाच्या झाडाखाली फळ्या टाकलेल्या. "वर्षभर हितंच झोपला. पावसात बी. म्हनायचा, आत बाईमानूस हाय, मोहिनीला कळलं तर जीव घेईल माझा."

मुकादमानं आमचं गाठोडं त्याच खोलीत टाकलं. विठा आत मंगळूसाठी भात करते आहे. मंगळू माझ्याकडे बघत नाही. मी फळ्यांवर बसले आहे.

लखन आज-उद्याकडे घरी पोचेल. भागुबाई त्याला सांगेल, गेली दुसऱ्याबरोबर. आणि ती खोटं बोलत नसेल.